साडेसहा नंबरचा थांबा

भोपाळच्या शिवाजी नगरात पत्ता विचारला तर रस्त्याचे नाव क्वचितच कानावर पडते. पाच नंबर, सहा नंबर, साडेसहा नंबर असा बसथांब्याचा आकडा सांगितला की रिक्षावाल्याला तेवढे पुरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि तलावांच्या दक्षिणेला सरकारी क्वार्टर्सच्या रांगा उभ्या राहिल्या. जुन्या गावाला असतात तशा वेशी, पेठा, देवळे या वस्तीला नव्हत्या. लोकांनी ओळखीची खूण म्हणून बसचा थांबा धरला. घर किती लांब, याचे उत्तरही त्यावरूनच मिळते: सहा नंबरला उतरा, पाच मिनिटे चाला. मला ही रीत अगदी बरोबर वाटते, आणि ती विमानालाही लागू पडते असे माझे म्हणणे आहे. दोन शहरांमधले हवाई अंतर नकाशा सांगतो. प्रवासाला लागणारा वेळ मात्र वाटेत कोण थांबले, कुणी थांबवले आणि कुणासाठी थांबवले यावर ठरतो. भोपाळसारख्या मधल्या शहराचा इतिहास पाहिला की ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण हे शहर कधी वाटेवर होते, कधी वाटेखाली गेले, आणि या सगळ्या काळात त्याचे अक्षांश-रेखांश तसूभरही बदलले नाहीत.

विमानप्रवासाचा वेळ काढायची सरधोपट रीत सगळ्यांना माहीत आहे. सरळ रेषेतले अंतर घ्यायचे, त्याला ताशी आठशे किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास धरायचा. भोपाळहून मुंबई सुमारे ६६० किलोमीटर, पुणे सुमारे ६४०, दिल्ली सुमारे ५९० आणि नागपूर तर अवघे २९०. या हिशोबाने नागपूर तासाभराच्या आत येते आणि पुणे मुंबईपेक्षा किंचित जवळ ठरते. गणित चोख आहे, पण शिवाजी नगरातल्या घराला त्याचा उपयोग थोडा. नागपूरला निघालेला माणूस दोन-तीन किलोमीटरवरच्या राणी कमलापती स्टेशनात जातो आणि इटारसीवरून सुमारे ३९० किलोमीटरचा लोहमार्ग धरतो. ज्या मोसमात पुण्याचे थेट विमान असते त्या मोसमात पुणे दीड तासावर असते. ते बंद झाले की दिल्लीत किंवा मुंबईत विमान बदलायचे, आणि तेच पुणे अर्ध्या दिवसावर जाते. दिल्लीची वाट घेतली तर आधी ५९० किलोमीटर उत्तरेला जायचे आणि मग साडेअकराशे किलोमीटर दक्षिणेला यायचे, म्हणजे ६४० किलोमीटरसाठी साडेसतराशे.

विमानाच्या आधीच्या काळात हे सगळ्यांना ठाऊक होते. जुनी मराठी माणसे लांबच्या पल्ल्याचा हिशोब मजलांत करीत, आणि मजल म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची चाल. त्या मापात मुक्काम आधीच धरलेला असे. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळमध्ये कोंडले तेव्हा निजामाजवळ मोठे सैन्य आणि भारी तोफखाना होता. कमी पडली ती वाट. दक्षिणेतून त्याचा मुलगा नासिरजंग याची कुमक येऊ नये म्हणून चिमाजी आप्पा तापीकडे पाय रोवून उभा होता. दक्षिण तेवढीच दूर होती, पण वाट अडल्यामुळे ती निजामासाठी अप्राप्य झाली, आणि जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दोराह्याला तह करावा लागला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते आणि ती बातमी त्यांना २४ जानेवारीला भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ मिळाली; भोपाळपासून ही जागा पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. पानिपत ते विदिशा हे सरळ अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे भोपाळ–मुंबईएवढेच. त्याला दहा दिवस लागले. आणि बातमी आली ती सरकारी जासुदाच्या हातून नव्हे. माणसांची नावे न घेता, मोती आणि मोहरांच्या हिशोबाच्या भाषेत लिहिलेले एका सावकाराचे पत्र घेऊन कासिद दक्षिणेकडे निघाला होता. ते पत्र पेशव्यांनी वाटेत उघडले. सैन्याची टपालव्यवस्था मोडली होती, सावकारीची चालू होती. घोडा आणि सांडणी दोघांकडेही होत्या, तरी ज्याची ठाणी शाबूत होती त्याची बातमी आधी पोचली.

रेल्वेनेही हाच धडा दिला. इटारसीहून भोपाळपर्यंतचा फाटा १८८४ मध्ये सुरू झाला तो भोपाळ संस्थानाने आपल्या खजिन्यातून त्यात पैसा घातल्यामुळे. शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीतले हे काम. पाच वर्षांत तो मार्ग झाशी-ग्वाल्हेरशी जोडला गेला आणि भोपाळ मुंबई–दिल्लीच्या मुख्य मार्गावर आले. आज भोपाळ जंक्शनवरून इतक्या गाड्या जातात की ते निसर्गतःच वाटेवर आहे असे वाटते. तसे ते नव्हते.

विमानाच्या वेळी गोष्ट अधिक रंगतदार होते. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड तळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादला उतरून दुपारी दोनच्या सुमारास जुहूला पोचले. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर धरावे: आकाशातून आलेले यंत्र मैदानात उभे आहे, आणि त्याचा पुढचा टप्पा दोन बैलांच्या चालीवर अवलंबून आहे. कराची–मुंबई हे पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर त्या दिवशी सव्वासात तासांचे झाले. कराचीहूनच का निघायचे, याचेही उत्तर थांब्यातच आहे. लंडनहून येणारे इम्पीरियल एअरवेजचे टपाल १९२९ पासून कराचीला येत होते. मुंबई त्या वाटेवर नव्हती, म्हणून मुंबईला कराचीशी जोडून घ्यावे लागले. पुढे नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली तेव्हा विमान सरळ गेले नाही. त्याची वाट होती मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. मोजून पाहिले तर मुंबई–इंदूर सुमारे ५०५ किलोमीटर, इंदूर–भोपाळ १७०, भोपाळ–ग्वाल्हेर ३४५, ग्वाल्हेर–दिल्ली २७५. सगळे मिळून तेराशेच्या जरा अलीकडे. सरळ अंतर सव्वाअकराशेच्या थोडे वर आहे. म्हणजे तीन शहरे आकाशमार्गावर आणण्यासाठी केवळ दीडएकशे किलोमीटरचा वळसा पडला. त्या काळच्या लहान विमानांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धरला तर हवेतले सहा-साडेसहा तास, आणि जमिनीवरचे तीन मुक्काम वेगळे.

या माळेकडे मराठी वाचकाने आणखी एका डोळ्याने पाहावे. होळकरांचे इंदूर, नबाबांचे भोपाळ, शिंद्यांचे ग्वाल्हेर, आणि मग दिल्ली. अठराव्या शतकात दक्षिणेतून माळव्यात चढून हिंदुस्थानात उतरणाऱ्या फौजांचा हाच पट्टा होता. विमानाला नर्मदेचा उतार शोधायची गरज नव्हती, घाट चढायचा नव्हता, दाणावैरण गोळा करायची नव्हती. तरीही ते त्याच पट्ट्यावरून गेले, कारण त्या फौजांनी मागे ठेवलेल्या दरबारांची शहरे तिथे होती, तिथे तळाला जागा मिळत होती आणि भाडे परवडणारा उतारूही तिथलाच होता. इंदूरला १९३५ मध्ये होळकर सरकारने टाटांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांचा सल्ला घेऊन बिजासन टेकडीजवळची जागा निवडली होती. आज इंदूरच्या विमानतळाला अहिल्याबाई होळकरांचे आणि ग्वाल्हेरच्या विमानतळाला विजयाराजे सिंदिया यांचे नाव आहे. ज्यांच्या घराण्यांमुळे थांबा मिळाला, त्यांची नावे थांब्यांना लागली हे मला उचित वाटते.

यावर पहिला आक्षेप तांत्रिक आहे, आणि तो वजनदार आहे. त्या विमानांच्या टाक्या लहान होत्या, रात्री उडता येत नव्हते, वाटेत उतरणे ही सक्ती होती. त्यात दरबारांचे काय? सक्ती होती हे खरेच. पण ती सक्ती एका थांब्याची होती, फार तर दोनांची. इंदूर आणि भोपाळ यांच्यात १७० किलोमीटरच आहेत. इंदुरात टाकी भरून उडालेल्या विमानाला भोपाळला पेट्रोलसाठी उतरण्याचे कारण नव्हते. शिवाय सक्ती संपल्यावरही माळ तुटली नाही. १ ऑगस्ट १९५३ ला विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, इंडियन एअरलाइन्स आली, पुढे लांब पल्ल्याची विमाने आली, तरी दिल्ली–ग्वाल्हेर–भोपाळ–इंदूर–मुंबई असे थांबत जाणारे विमान वेळापत्रकात अनेक वर्षे राहिले. यंत्राला गरज नसताना थांबा टिकतो तेव्हा तो कुणीतरी ठरवून टिकवलेला असतो.

नागपूरचे उदाहरण याच्या शेजारी ठेवले पाहिजे, कारण ते माझ्या म्हणण्याला बळ देते आणि त्याची मर्यादाही दाखवते. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. मद्रासेत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. एकही विमान मद्रासहून दिल्लीला गेलेले नसे. मधल्या एका थांब्याने साडेसतराशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास एका रात्रीत बसवला होता. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली, तेव्हा हा थांबा सामान्य माणसाच्याही कामाचा झाला. आता इथे भूगोल होता की व्यवस्था? दोन्ही. नागपूरहून सर्वांत लांबचे कलकत्ता सुमारे ९८० किलोमीटरवर आहे. हेच केंद्र भोपाळला केले असते तर मद्रास पावणेबाराशेच्या पुढे गेले असते आणि रात्र अपुरी पडली असती. भूगोल उमेदवार ठरवतो हे मी मान्य करतो. निवड मात्र माणसे करतात, आणि ती मोडतातही: १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली, नागपूर देशाच्या मधोमधच राहिले, पण मध्यरात्रीची ती गर्दी गेली.

त्याच नागपुरातून १९५६ मध्ये माणसे भोपाळला आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांचा मिळून नवा प्रांत झाला. सचिवालयाच्या फायलींबरोबर कारकून, टंकलेखक, अभियंते, त्यांची कुटुंबे नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर सोडून नव्या क्वार्टर्समध्ये राहायला आली, आणि त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. तात्या टोपे नगर, शिवाजी नगर ही नावे मराठी कानाला परकी वाटणारी नव्हती. या घरांचे माहेर, सासर, लग्नकार्य, कुलदैवत सगळे दोनशे ते आठशे किलोमीटरच्या टापूत पसरलेले: नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, पुणे. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट ही, की विमानविद्येची पुढची सगळी प्रगती नेमकी याच टापूला वगळून झाली. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जेट आले, सत्तरीच्या दशकात बोईंग ७३७ आणि मग एअरबस. मुंबई–दिल्ली दोन तासांवर आले. विमान जितके वेगवान तितके त्याला उतरणे महाग, कारण उतरण्या-चढण्यात जाणारा पाऊण तास संथ विमानाला जाणवत नाही, जेटला डोंगराएवढा वाटतो. १९३७ च्या विमानाने भोपाळहून ग्वाल्हेर पावणेदोन तासांत गाठता येत होते. आज भोपाळहून ग्वाल्हेरला जाणारा माणूस बहुधा रेल्वेतच बसतो.

यावर कुणी म्हणेल की ही रड अन्यायाची आहे. १९३७ च्या विमानात मोजकी श्रीमंत माणसे बसत, आज शिवाजी नगरातला निवृत्त कारकूनही मुंबईला सव्वा-दीड तासात जातो, मग काय गमावले? हा आक्षेप मी टाळत नाही. मुंबई आणि दिल्ली खरोखर जवळ आल्या आहेत, आणि हे जवळ येणे थोड्यांचे नाही, लाखोंचे आहे. माझा मुद्दा असा की वेगाने सगळी शहरे सारखी जवळ येत नाहीत. चाकाच्या आऱ्यांसारखी रचना झाली की प्रत्येक गाव तुंब्याजवळ येते आणि शेजारच्या गावापासून दूर जाते. भोपाळ दिल्लीच्या जवळ आले ते इंदूर, नागपूर, ग्वाल्हेरपासून हवेतून तुटूनच. सरासरी वेगाचा आकडा ही तूट दाखवत नाही.

शिवाजी नगरच्या क्वार्टर्समधल्या मुलांपैकी काहींनी नोकरीसाठी अमेरिका गाठली, आणि तिथल्या वाटेवर तर अंतर आणि वेळ यांची फारकत उघडच दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. आधीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी सुमारे १५,३०० ची. तरी पाठीशी वारा असल्याने लांबची वाट साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर संपली. इथे वाऱ्याने हात दिला. उलट, फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने जुलैपर्यंत वळसा घालत राहिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. हजारो किलोमीटर न थांबता उडणारे यंत्र असूनही थांबा परत आला. तापीकडे उभ्या असलेल्या चिमाजी आप्पाची आठवण मला इथे होते ती केवळ अलंकार म्हणून नाही: अडलेली वाट हे अंतराचेच एक माप आहे, आणि ते किलोमीटरमध्ये लिहिता येत नाही.

शेवटचा आक्षेप बाजाराचा. उतारू नाहीत म्हणून विमान नाही, उतारू आले की विमान येईल, यात इतिहासाचे काम काय? पण वर पाहिलेल्या एकाही थांब्याची सुरुवात अशी झालेली नाही. १८८४ मध्ये भोपाळ स्टेशनवर गर्दी उभी होती म्हणून रूळ आले नाहीत. बेगमांनी पैसे घातले, रूळ आले, मग गर्दी आली. १९३२ च्या विमानाचा जीव टपालावर होता, उतारूवर नव्हे. सोनेगावची मध्यरात्र तर निव्वळ सरकारी निर्णय होता. केंद्र सरकारनेही हे उडान योजनेत मान्य केले आहे: एप्रिल २०१७ मध्ये सिमला–दिल्ली विमानाने तिची सुरुवात झाली, आणि लहान मार्गांवरची तूट भरून द्यायची हे तिचे सूत्र आहे. ते सूत्र भोपाळ–नागपूर, भोपाळ–पुणे अशा मार्गांना नेटाने लावायला हवे. मोजणी करायची तर आजच्या विमानातल्या भरलेल्या खुर्च्या मोजून चालणार नाही. इटारसी-भुसावळ-मनमाडवरून रात्र काढणाऱ्या गाड्यांतले, दिवाळी-उन्हाळ्यात महिनाभर आधी संपणारे बर्थ मोजले पाहिजेत. ही माणसे आधीच प्रवास करीत आहेत.

शिवाजी नगरातून राजाभोज विमानतळ पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या तलावाच्या पलीकडे. रेल्वे स्टेशन पायीसुद्धा गाठता येते. बंगळुरू आणि दिल्ली यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवली तर ती रेघ जवळजवळ या विमानतळावरूनच जाते, बंगळुरूपासून अकराशे किलोमीटरवर, दिल्लीच्या सहाशे किलोमीटर अलीकडे. क्वार्टर्सच्या अंगणातल्या झाडांमधून संध्याकाळी वर पाहिले की उंचावरून उत्तरेला सरकणारे दिवे दिसतात.